भरितासाठी कोणती ग्रिल घ्यावी?

ग्रिल घ्यायला निघण्याआधी तिच्यावर काय भाजणार, ते ठरवा. दुकानातल्या बहुतेक ग्रिल पनीर-कबाबांसाठी असतात: लहान तुकडे, खाली निखारे. खान्देशात पहिला मान भरिताच्या वांग्याचा. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं भरीत वांगं फिकट हिरवं, भलंमोठं, कमी बियांचं. त्याला नुसता निखारा पुरत नाही, जाळ लागतो.

शेतात ते कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. काड्या भरकन पेटतात, ज्वाळा वांग्याला सगळीकडून चाटतात आणि साल करपते. वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. त्याची वाफ होऊन गर शिजतो. वाफेला वाट हवी, म्हणून आधी सुरीनं टोचे मारायचे. काडीतल्या लिग्निनच्या धुरानं गराला तो खास वास येतो. कोळसा तयार होतानाच लिग्निन बरंचसं जळून गेलेलं असतं, त्यामुळे कोळशावर वांगं छान शिजतं, पण वास फिका. गॅसवर तो धूर नाही. विजेच्या ग्रिलवर तर ज्वाळाही नाही, भरितासाठी ती घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घ्यायची ती उघडी, खोल लोखंडी पेटी. तळापासून जाळी वीतभर तरी उंच, तीही वर-खाली करता येणारी, आणि एका बाजूला काड्या सारायला तोंड. पत्रा जाड हवा, पातळ पत्रा तापून वाकतो. जाळीला जस्ताचा मुलामा नको, फार तापला तर त्याचा धूर अपायकारक असतो. वेल्डिंगवाल्याकडून अर्धा ड्रम कापून घेणार असाल, तर आधी त्यात रसायन होतं का ते विचारा.

जाळ ओसरला की त्याच पेटीत काळ्या मसाल्याचं काम होतं. कांदा सालीसकट निखाऱ्यात पुरायचा. सुकं खोबरं मात्र तेलकट, ते पेट घेतं, म्हणून त्या वेळी जाळी वर उचलायची.

गोवऱ्यांऐवजी ग्रिलमध्ये बट्टी भाजायची असेल, तर झाकण लागेल, कारण तिला सगळीकडून कोंडलेली धग हवी. १९५२ साली अमेरिकेत जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रातल्या बोयाचा धातूचा गोळा कापून झाकणाची गोल ग्रिल बनवली, ती याच तत्त्वावर. झाकणातली छिद्रं उघडझाप करता येणारी हवीत, हवेवरच धग ठरते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गॅसवरच्या जाळीवर समाधान मानावं. काचा लावलेल्या बाल्कनीत कोळसा पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही.

काड्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणा, पण कपाशीच्या काड्यांना राहिलेली बोंडं तिथंच तोडून नष्ट करायला सांगा. गुलाबी बोंडअळी त्यांतच दडून बसते.