घडीचा स्वस्त चाकू: आधी लॉक तपासा

घडीचा स्वस्त चाकू घेताय? मग धारेआधी लॉक बघा. मी एकाच मॉडेलचे दोन मागवले. एक एकदम पक्का, दुसऱ्याचं लॉक हलक्या दाबानंच सुटलं. क्वालिटी कंट्रोल ढिलं असलं की असंच होतं.

लायनर लॉकमध्ये मुठीतली स्प्रिंगसारखी पत्र्याची पट्टी उघड्या पात्याच्या बुडाला आडवी येते. घासताना तिथला कोन जरा चुकला, की पट्टी सटकते आणि पातं थेट बोटांवर!

म्हणून बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पात्याच्या पाठीवर हलका दाब द्या. पातं डावी-उजवीकडे डुगडुगलं, तर बिजागरीचा स्क्रू आवळून बघा. वर-खाली हललं, तर दोष बहुतेक लॉकचाच. तो स्क्रूनं जात नाही. असा चाकू रिटर्नची मुदत संपायच्या आत परत करा. मी तेच केलं.