‘चालूं द्या’ हें इंग्रजींत कसें म्हणावें ?

मनुष्य एखादें काम करीत असतां त्यास ‘थांबूं नका, चालूं द्या’ असें सांगण्याचा प्रसंग दिवसांतून दहा वेळां येतो. मराठींत हें आपण सहज बोलून जातों; परंतु इंग्रजींत सांगावयाचें झालें म्हणजे पुष्कळ सुशिक्षितांच्या तोंडीं ‘कंटिन्यू’ हा एकच शब्द येतो. तो अशुद्ध नव्हे. पण कागदपत्रांत शोभणारा हा शब्द घरगुती बोलण्यांत कोरडा, आणि नुसता उच्चारल्यास हुकमासारखा वाटतो.

कल्याणपुढील उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यांत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत सिंधी निर्वासित बांधव आले, व १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. शेजारीं जुनी मराठी वस्ती, अंबरनाथास कारखाने, आणि रोज लोकलनें मुंबईस जाणारा नोकरवर्ग. आपल्या घरच्या मुलांस व सुनांस कचेरींत परभाषिकांशीं इंग्रजी बोलावें लागतें. व्याकरण शुद्ध असूनहि शब्द अस्थानीं पडला, कीं ऐकणारा चमकतो, बोलणारा ओशाळतो, आणि पुढें तोंड उघडण्याचेंच टाळतो. खरें नुकसान तें हें.

प्रथम सोपी वाट पाहूं. संस्कृतांत वर्तमानकालवाचक धातुसाधितापुढें ‘आस्’ किंवा ‘स्था’ धातु योजून क्रियेचें सातत्य दाखवितात. मराठीचें ‘लिहीत राहा’ याच घडणीचें. आणि इंग्रजीचें ‘कीप रायटिंग’ हेंहि तसेंच. म्हणून ‘कीप’च्या पुढें ‘रायटिंग’ हेंच रूप यावें. ‘कीप टु राइट’ कदापि म्हणूं नये.

आतां छटा पाहूं. अंबरनाथचें इ. स. १०६० सालचें शिवालय आपण पाहुण्यास दाखवीत आहों. मध्येंच थांबलों, तर पाहुणा म्हणेल, ‘गो ऑन’ — म्हणजे ‘सांगा, पुढें सांगा’. पण ‘एक विचारूं का ?’ असें कोणी म्हटल्यास उत्तर ‘गो अहेड’. कारण क्रिया अद्याप सुरू झालेली नाहीं, आपण अनुज्ञा देत आहों. ‘गो ऑन रीडिंग’ म्हणजे वाचीत राहा; ‘गो ऑन टु रीड’ म्हणजे पहिलें काम संपवून मग वाचावयास लागा. एका ‘टु’नें अर्थ फिरला !

दमलेल्यास धीर देतांना ‘कीप गोइंग’. चांगल्या कामाबद्दल शाबासकी देतांना ‘कीप इट अप’. मात्र ही शाबासकी वडीलकीची आहे; ती वरिष्ठास देऊं नये. ‘कॅरी ऑन’ हेंहि बहुधा अधिकारी हाताखालच्यांस म्हणतो. आपण खोलींत शिरतांच वडीलधारी मंडळी बोलतां बोलतां थांबली, तर आपल्या ‘तुमचें चालूं द्या’स योग्य इंग्रजी ‘प्लीज, डोंट लेट मी इंटरप्ट यू’ हेंच. मराठी ‘चालूं द्या’चें ‘लेट इट गो ऑन’ असें शब्दशः भाषांतर करणाऱ्याचा विनय तेथें लोपतो.

दोन खांचखळगे विशेष सांभाळावे. ‘रोज वाचीत जा’ यांतील ‘जा’ संवय दाखवितो. त्यास ‘रीड एव्हरी डे’ पुरें, ‘गो’ची गरज नाहीं. आणि ‘पंखा चालू ठेवा’ यास ‘कंटिन्यू द फॅन’ नव्हे, तर ‘लीव्ह द फॅन ऑन’.

सारांश, बोलण्यापूर्वीं तीन गोष्टी मनाशीं विचाराव्या : क्रिया सुरू झाली आहे काय ? सांगणारा कोण व ऐकणारा कोण ? आणि हेतु अनुज्ञेचा, उत्तेजनाचा कीं केवळ अडथळा न करण्याचा ? आपल्या मराठींतहि ‘राहा’, ‘जा’, ‘द्या’ व ‘ठेवा’ हे चार शब्द हाच विवेक करीत असतात. तो ज्याच्या अंगवळणीं पडला आहे, त्यानें इंग्रजीस भिण्याचें कारण नाहीं. रात्रीं जेवणानंतर मुलांकडून इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानें वाचून घ्यावें. मूल अडखळल्यास चूक काढण्याआधीं ‘गो ऑन’ म्हणावें. शब्दहि शिकविला जाईल, आणि धीरहि.