फाटकाबाहेरच्या माणसाला अधिकार हवा

सकाळी पावणेआठ ते साडेआठ या वेळात बेंगळुरूच्या मध्यभागातले रस्ते शाळांचे होतात. बिशप कॉटन, सेंट जोसेफ, बाल्डविन अशा जुन्या शाळा सेंट मार्क्स रोड, म्युझियम रोड, रेसिडेन्सी रोड आणि रिचमंड रोडच्या पट्ट्यात जवळजवळ आहेत आणि हजारो मुलं तिथे एकाच सुमारास पोहोचतात. त्यांना रस्ता ओलांडून देणारा माणूस बहुधा पोलीस नसतो. तो शाळेने नेमलेला सुरक्षारक्षक असतो, क्वचित शहराच्या ट्रॅफिक वॉर्डन संघटनेतला स्वयंसेवक. पाहणाऱ्याला वाटतं, शिट्टी वाजवून हात आडवा केला की काम झालं. प्रत्यक्षात ते बरंच अवघड आहे. अनुभवी रक्षक एकेका मुलाला सोडत नाही, आठ-दहा जणांचा घोळका होईपर्यंत त्यांना फुटपाथवर थोपवून धरतो. त्याचं लक्ष मागच्या चौकातल्या सिग्नलकडे असतं, कारण तो लाल झाला की वाहनांच्या लोंढ्यात फट पडते. एकेरी रस्त्यावर तीन-चार रांगांतून वाहनं येतात आणि खरा धोका दुसऱ्या रांगेत असतो. पहिल्या रांगेतली मोटार थांबते, तिच्या आडून मूल पुढे येतं आणि पलीकडच्या स्कूटरवाल्याला ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाही. म्हणून रक्षक मुलांच्या पुढे चालतो, प्रत्येक रांगेच्या कडेला थांबतो, त्या रांगेतल्या चालकाकडे बघून त्याला थांबवतो आणि मगच मुलांना पुढचं पाऊल टाकू देतो. हे चालू असताना उलट्या दिशेने कडेकडेने येणाऱ्या दुचाकीवरही त्याला नजर ठेवावी लागते. शेवटचं मूल पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत तो रस्त्यातच उभा राहतो.

इतकं कसब लागणाऱ्या या कामामागे कायद्याचं बळ मात्र जवळजवळ नाही. मोटार वाहन कायद्याचं ११९वं कलम चालकाला वाहतूक नियमन करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याची सूचना पाळायला सांगतं. शाळेचा रक्षक पोलीस नाही, त्यामुळे त्याचा आडवा हात ही फक्त विनंती ठरते. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्याला अग्रक्रम दिला आहे, पण तो कितीजण पाळतात हे कुठल्याही क्रॉसिंगवर दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं. ब्रिटनने १९५३ मध्येच यासाठी वेगळा कायदा केला. तिथे शाळेजवळच्या गस्तवाल्याने थांबण्याची पाटी धरली की वाहन थांबलंच पाहिजे, न थांबणं हा गुन्हा आहे. माझं म्हणणं हेच आहे: बेंगळुरूत हे काम करणारी माणसं आधीच रस्त्यावर उभी आहेत. त्यांना नेमणूक, प्रशिक्षण, मोबदला आणि वाहन थांबवण्याचा कायदेशीर अधिकार शहराने द्यायला हवा.

यावर पहिला आक्षेप असा की मुलांनाच रस्त्याचे नियम नीट शिकवावेत. महाराष्ट्रातल्या शाळांत आरएसपी म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोल वर्षानुवर्षं आहे, आणि ते शिक्षण उपयोगाचं आहे यात शंका नाही. पण त्याला एक नैसर्गिक मर्यादा आहे. लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांची दृष्टी तपासली. समोरून येणारं वाहन मोठं होत जाताना दिसतं आणि त्यावरून आपण ते जवळ येतंय हे ओळखतो. ही क्षमता वयाबरोबर वाढते. ताशी वीस मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरहून अधिक वेगाने येणारं वाहन जवळ येत आहे हे लहान मुलांना कदाचित जाणवतच नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती पाठ केलेल्या नियमाने कशी दिसावी? शिवाय नियम पाळायचे तर ते पाळता येतील असा रस्ता हवा. मार्च २०२२ मध्ये हेब्बाळजवळ शाळेतून परतणारी चौदा वर्षांची मुलगी महापालिकेच्या कचरागाडीखाली गेली. पावसाने भुयारी मार्गात पाणी साचलं होतं, म्हणून ती वरून रस्ता ओलांडत होती. अशा वेळी मुलीला काय शिकवायला हवं होतं हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो. देशभरात त्या एका वर्षात अठरा वर्षांखालची ९,५२८ मुलं रस्ते अपघातांत दगावली, अशी केंद्र सरकारचीच नोंद आहे.

दुसरा आक्षेप वाहतूक कोंडीचा. एक कोटीहून अधिक वाहनांच्या शहरात दर शाळेच्या फाटकापाशी गाड्या थांबवल्या तर शहर चालेल कसं? पण घोळक्याने ओलांडणाऱ्या मुलांसाठी गाड्या एकदाच थांबतात, आणि एकेक मूल जीव मुठीत धरून धावतं तेव्हा प्रत्येक वेळी कुणाला तरी करकचून ब्रेक मारावा लागतो. फाटकापाशी कोंडी होते ती बहुतांशी मुलांना सोडायला आलेल्या मोटारींची. त्या झेब्र्यावरच थांबतात, दोन-दोन रांगांत उभ्या राहतात आणि त्यांच्या आडून ओलांडणारी मुलं दिसेनाशी होतात. आपल्या मुलाला मोटारीने सोडणं सुरक्षित, असं पालकांना वाटणं मी समजू शकतो. पण त्या मोटारीमुळे चालत येणाऱ्या दुसऱ्याच्या मुलाचा धोका वाढतो, हेही त्यांनी मान्य करावं. पोलीस अधिकारी एम. ए. सलीम यांच्या पुढाकाराने शहराच्या वाहतूक पोलिसांनी राबवलेल्या ‘सेफ रूट टू स्कूल’ मोहिमेचा रोख नेमका इथे होता: मुलांनी बसने यावं आणि चढ-उतार शाळेच्या आवारात व्हावी. याउलट ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून शाळांच्या वेळाच बदलण्याची चर्चा झाली. शाळा आणि पालक दोघांनीही विरोध केला आणि तो योग्य होता. कोंडी मोटारींनी करायची आणि झोपमोड मुलांची व्हायची, हा न्याय नव्हे.

तिसरी शंका मला सर्वात गंभीर वाटते: माणूस उभा करून वेग कमी होतो का? नुसत्या माणसाने होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वाहनाचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत असेल तर धडकेतून पादचारी वाचण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. वेग ४५ च्या वर गेला की ती निम्म्याखाली येते. म्हणून क्रॉसिंग फुटपाथच्या पातळीला उचलून घेणं, म्हणजे सपाट माथ्याचा रुंद गतिरोधक करून त्यावरच झेब्रा रंगवणं, हे रक्षकाइतकंच गरजेचं आहे. ‘टेंडरश्युअर’ या रस्ते नव्याने बांधण्याच्या योजनेत रेसिडेन्सी रोड आणि सेंट मार्क्स रोडला रुंद, सलग फुटपाथ मिळाले. त्यामुळे मुलांना फाटकापर्यंत चालता येतं, हा मोठाच फायदा. मात्र कडेने चालणं सुरक्षित झालं म्हणून ओलांडणं आपोआप सुरक्षित होत नाही. डिसेंबर २०२२ पासून पन्नास चौकांत बसवलेले कॅमेरे सिग्नल तोडणाऱ्याला पकडतात, पण अनेक शाळांची फाटकं दोन चौकांच्या मध्ये आहेत आणि तिथे वेग सर्वाधिक असतो. मुंबईत भायखळ्याच्या क्राइस्ट चर्च शाळेसमोर पालिका, वाहतूक पोलीस आणि डब्ल्यूआरआय इंडिया ही संशोधन संस्था यांनी मिळून रस्त्याची आखणीच बदलून शाळा क्षेत्राचा प्रयोग केला. बेंगळुरूला त्यात अवघड असं काही नाही.

राहतो पैशाचा प्रश्न. मोठ्या खासगी शाळा रक्षकाचा पगार आजही देतात, त्यांना फक्त पोलिसांकडून प्रशिक्षण आणि ओळखपत्र हवं. खरी अडचण सरकारी शाळांची आहे. तिथली बरीच मुलं चालत येतात आणि त्यांच्यासाठी फाटकाबाहेर कुणीच नसतं. सकाळी तास-दीड तास आणि दुपारी तेवढाच वेळ, इतक्या कामासाठी त्याच वस्तीतल्या स्त्री-पुरुषांना मानधनावर नेमता येईल. मुलं त्यांना ओळखतील आणि रोज तेच चेहरे पाहून चालकही. एका उड्डाणपुलाच्या खर्चापुढे ही रक्कम नगण्य आहे.

सप्टेंबर २०२५ पासून बेंगळुरूत एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या आहेत. त्यांनी येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आपापल्या हद्दीतल्या मुख्य रस्त्यांवरच्या सरकारी शाळांची यादी करावी, प्रत्येक फाटकासमोर उंच क्रॉसिंग बांधावं आणि तिथे एक नेमलेला माणूस उभा करावा. त्या माणसाने हात दाखवल्यावर न थांबणं हा गुन्हा ठरवण्याचं काम राज्य सरकारचं आहे. त्यासाठी लागेल तो नियम राज्याने करावा, आणि केंद्राकडून दुरुस्ती लागत असेल तर ती मागावी.