रिकाम्या फेरीचीही नोंद हवी

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याच्या सुमारे ११७ टीएमसी पाण्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. म्हणून उन्हाळ्यात पातळी ‘उणे’त गेली तरी होड्या चालूच असतात. पाणी आटलं की मासा थोड्या जागेत गोळा होतो, जाळं भरतं आणि मासा वाढल्यासारखा वाटतो. हा भास मच्छीमाराने ठेवलेली रोजच्या फेऱ्यांची वहीच मोडू शकते. तारीख, धरणाची टक्केवारी, जाळं बारीक की मोठ्या भोकाचं, ते किती तास पाण्यात होतं, कटला, रोहू, चिलापी किती किलो, एवढं पुरे.

आडत्याची पट्टी असताना वही कशाला, असं कुणी म्हणेल. पण पट्टीवर विकलेलं वजनच येतं. रिकामी फेरी तिथे उमटत नाही, आणि घट कळते ती नेमकी तिथूनच. जुन्या मच्छीमाराची आठवण दांडगी असते हे खरं, फक्त तीत मोठा मासा हटकून राहतो, कोरडा दिवस गळतो. दोनशे किलो एका रात्रीत मिळाले की चार रात्रींत, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. एकट्याच्या वहीवरून अख्ख्या जलाशयाचं निदान मात्र करू नये. त्याला शेजारच्या होड्यांच्या वह्याही लागतात.