सत्त्याण्णव वर्षांचा पियानोवाला

पियानोला आपल्या पेटीसारखा भाता नसतो. पट्टी दाबली की आतली लाकडी हातोडी तारेवर आपटते आणि सूर निघतो. बोटांत जोर हवा, म्हणजे हे तरुणांचे काम असे आपणांस वाटेल.

पण अमेरिकेतला पाइनटॉप पर्किन्स पाहा. जन्म १९१३, मिसिसिपी राज्यातल्या बेल्झोनीचा. मुलूख कापसाचा. मळ्यावर ट्रॅक्टर हाकावा आणि ‘ब्लूज’ वाजवावे, म्हणजे तिथल्या काळ्या कष्टकऱ्यांचे सुखदुःखाचे गाणे. तो गिटारही वाजवी. पुढे हेलेना गावी एका भांडणात सुरा लागला, डाव्या हाताच्या कंडरा दुखावल्या, आणि गिटार सुटली ती सुटलीच. राहिला पियानो. त्यातही गंमत अशी की, ह्या वादनात खरी मेहनत डाव्याच हाताला! तो एकसारखा ठेका धरतो, उजवा त्यावर सूर खेळवतो. तो ठेका ह्या गड्याने जखमी हातानेच सांभाळला. हेलेनाच्या रेडिओवर दुपारी पिठाच्या जाहिरातीचा कार्यक्रम लागे, त्यातही तो वाजवी.

१९६९ साली मडी वॉटर्सच्या ताफ्यात त्याला जागा मिळाली. मात्र स्वतःच्या नावाची मोठी तबकडी अमेरिकेत निघायला १९८८ साल उजाडले. वय पंचाहत्तर! मग तबकड्या निघतच राहिल्या. ताफ्यातला जुना जोडीदार विली स्मिथ ह्याच्याबरोबर केलेल्या तबकडीला फेब्रुवारी २०११ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेव्हा तो ९७ वर्षांचा होता. इतक्या वयात ते आधी कोणालाच मिळाले नव्हते.

पुढच्याच महिन्यात तो वारला. त्या सालचे त्याचे वीसाहून अधिक कार्यक्रम ठरलेले होते.