आगाऊ लिहिलेले संदेश

हरियाणातील मानेसर हे गाव दिल्ली-जयपूर महामार्गावर वसलेले आहे. मोटारी आणि दुचाकी तयार करणारे मोठे कारखाने येथे असून त्यांतील काम पाळ्यांमध्ये चालते. समजा, नोकरीनिमित्त तेथे राहणारे एखादे मराठी कुटुंब घरी केलेला दिवाळीचा फराळ विकते. गिऱ्हाइके रात्री आठच्या सुमारास भ्रमणध्वनी उघडून बसतात. परंतु विकणारा त्या वेळी यंत्रावर उभा असतो. मग तो रविवारीच आठवड्याचे सात संदेश लिहितो आणि प्रत्येकाची वेळ ठरवून देतो. ठरलेल्या वेळी संदेश आपोआप प्रसिद्ध होतात. फेसबुकने आपल्या पानांसाठी ही सोय २०१२ मध्ये दिली, तर जीमेलवर ती २०१९ मध्ये आली.

या पद्धतीचा मुख्य लाभ म्हणजे निवांतपणा. घाईत लिहिलेल्या जाहिरातीत भाव चुकतो, शुद्धलेखन बिघडते. आधी लिहिलेला मजकूर दोनदा वाचता येतो. दूरदेशीच्या आप्तांनाही योग्य वेळी शुभेच्छा पोचतात. मात्र येथे थोडा हिशेब करावा लागतो. मानेसरला सकाळचे आठ वाजतात, तेव्हा न्यू जर्सीत हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. तेथील घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे बहुधा दिवाळीच्याच आसपास, एक तास मागे घेतात.

आधी लिहून ठेवणे आपल्याला नवे नाही. दिवाळी अंकांतील लेख काही महिने अगोदर लिहिले जातात. परंतु अंक वाचताना लेखक या क्षणी आपल्यासमोर आहे, असे कोणी समजत नाही. समाजमाध्यमावरील संदेश मात्र आत्ताच कोणीतरी बोलत आहे, असे भासवतो. अडचणीचे मूळ येथे आहे. आठ वाजता जाहिरात झळकली, चकलीचा भाव विचारणारे प्रश्न आले आणि उत्तर मध्यरात्रीनंतर मिळाले, तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळते.

याहून गंभीर प्रसंग ब्रिटनमधील टेस्को या दुकानसंस्थेवर जानेवारी २०१३ मध्ये आला. तिच्या गोमांसाच्या पदार्थांत घोड्याचे मांस आढळल्याने लोक संतापले होते. तशातच, आम्ही आता झोपायला जातो, असा तिचा संदेश ट्विटरवर झळकला. त्यात वापरलेल्या इंग्रजी वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ वाळलेल्या गवताकडे जाणे असा होता! लोकांना ती घोड्यांवरून केलेली थट्टा वाटली. संदेशाची वेळ आधीच ठरवलेली होती, असे सांगून संस्थेने क्षमा मागितली. मराठीत 'आगाऊ' म्हणजे आधी केलेले आणि 'आगाऊ' म्हणजे प्रसंग न पाहता पुढे पुढे करणारा. त्या संदेशाला दोन्ही अर्थ लागू पडले.

वृत्तपत्रात असे प्रसंग रात्रपाळीचा उपसंपादक टाळतो. मोठी घटना घडली की लावलेले पान तो बदलतो. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत लता मंगेशकर यांचे निधन झाले आणि दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. त्या दिवशी लखनौत व्हावयाचे एका पक्षाच्या जाहीरनाम्याचे प्रकाशनही पुढे ढकलण्यात आले. माणसे असे थांबतात. वेळ लावलेला विनोद मात्र कोणी हाताने काढल्याशिवाय थांबत नाही. म्हणून संदेशांची वेळ लावणाऱ्याने, आपण कामावर असताना ते थांबवू शकेल अशी घरातील एखादी व्यक्ती नेमून ठेवणे मला आवश्यक वाटते.

निवडणुकीच्या काळात तर प्रश्न कायद्याचाही होतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर प्रचारावर बंधने येतात. हरियाणात ५ ऑक्टोबर २०२४ रोजी सायंकाळी सहापर्यंत मतदान होते. त्यामुळे ३ ऑक्टोबरच्या सायंकाळी सहाला प्रचार थांबला. समाजमाध्यम कंपन्यांनी २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेनुसार, या कलमाच्या भंगाबाबत निवडणूक आयोगाने कळविल्यास तीन तासांत कारवाई करावयाची असते. एखाद्या कार्यकर्त्याने सप्टेंबरात लिहून ४ ऑक्टोबरची वेळ लावलेला संदेश काढायचा राहून गेला, तर तो त्याच्याच नावाने प्रसिद्ध होतो आणि त्यावर तारीखही ४ ऑक्टोबरचीच दिसते.