हसतील त्यांच्या हिरड्या दिसतील!

'हसतील त्यांचे दात दिसतील' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. लोक हसले तर हसू द्यावं, आपण आपलं काम करत राहावं, असा तिचा अर्थ. पण काही मंडळी हसली की दातांच्या आधी हिरड्याच दिसतात. वरचा ओठ सर्रकन वर जातो आणि दातांच्या डोक्यावर गुलाबी हिरडीचा रुंद पट्टा उघडा पडतो. होस्टेलमध्ये अशा मुलामुलींना काय काय नावं पडतात, ती इथे छापण्यासारखी नाहीत. मग कुणी फोटोत ओठ घट्ट मिटून उभं राहतं, कुणी हसताना तोंडावर हात धरतं. फायनल इयरला प्लेसमेंटचा मोसम आला, की 'अर्ध्या तासात सुंदर हास्य' अशा जाहिराती नेमक्या याच मंडळींच्या डोळ्यांत भरतात.

दंतवैद्यकात याला 'गमी स्माइल' म्हणतात. मी स्वतः याच पंथातला! त्यामुळे गेलं वर्षभर जमेल तिथून माहिती गोळा केली, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे देतो. घाईत पैसे आणि हिरडी, दोन्ही घालवण्याआधी कुणाच्या तरी उपयोगी पडावं एवढाच हेतू.

किती म्हणजे जास्त?

पूर्ण हसल्यावर वरच्या दातांवर साधारण ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा जास्त हिरडी दिसली, तर तिला गमी स्माइल म्हणतात. हा आजार नाही. दुखत नाही, चावायला अडत नाही. १९८४ साली अमेरिकेतल्या तिघा संशोधकांनी २० ते ३० वयाच्या ४५४ जणांचे हसरे फोटो तपासले. त्यात सुमारे साडेदहा टक्के लोकांची हास्यरेषा 'उंच', म्हणजे हिरडी दाखवणारी निघाली. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट होतं. म्हणजे साठ जणांच्या वर्गात आपण एकटे नसतो, पाच-सहा जण तरी असायला हरकत नाही.

आणखी एक गंमत ऐका. १९९९ मध्ये अमेरिकेतच एक अभ्यास झाला. एकाच हसण्याचे फोटो थोडे थोडे बदलून लोकांना दाखवले आणि 'कसं वाटतं?' असं विचारलं. दात सरळ करणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्ट मंडळींना २ मिलिमीटर हिरडी दिसली तरी खटकलं. सामान्य लोकांना मात्र ४ मिलिमीटरपर्यंत काही खटकलं नाही. इन्स्पेक्शनवाल्याला जॉबवरचा बारीकसा ओरखडाही दिसतो, गिऱ्हाईकाला दिसत नाही, तसंच हे!

कारण कुठे दडलंय?

भोसरी-चाकणच्या कुठल्याही कारखान्यात ज्याने इन-प्लांट ट्रेनिंग केलंय, त्याला 'व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस' सांगायला नको. रिजेक्शन दिसलं की लगेच मशिनला हात लावायचा नाही, आधी मूळ कारण शोधायचं. इथेही तेच आहे. हिरडी जास्त दिसणं हे लक्षण झालं. त्याची कारणं निरनिराळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

१) दात हिरडीखाली झाकलेला : समोरच्या वरच्या दाताचा दिसणारा भाग साधारण १० ते ११ मिलिमीटर लांब असतो आणि रुंदी लांबीच्या ७५ ते ८० टक्के. दात उगवल्यावर हिरडी हळूहळू मागे सरकून आपल्या जागी बसते. काहींच्या बाबतीत ती वाटेतच थांबते. दात असतो पूर्ण लांबीचा, पण दिसतो आखूड आणि चौकोनी.

२) हिरडी सुजलेली : दातांवरचा चिकट थर साफ न झाल्याने हिरडी फुगते. ब्रेसेस लावलेल्यांमध्ये हे फार दिसतं. फेफऱ्यावरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरची निफेडिपीन-अ‍ॅम्लोडिपीन, किडनी बदललेल्यांना दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन या औषधांनीही काहींची हिरडी वाढते. (म्हणून औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही बरं का! ते लिहून देणाऱ्या डॉक्टरशी बोलायचं.)

३) ओठ : नाकाच्या बुडापासून वरच्या ओठाच्या कडेपर्यंतचं अंतर बायकांमध्ये सुमारे २० ते २२ आणि पुरुषांमध्ये २२ ते २४ मिलिमीटर असतं. हसताना ओठ ६ ते ८ मिलिमीटर वर जातो. ओठच आखूड असला, किंवा त्याला उचलणारे स्नायू जास्त उत्साही असले, तर हिरडी उघडी पडते.

४) जबडा : वरच्या जबड्याचं हाडच उभ्या दिशेने जास्त वाढलेलं असतं. चेहरा लांबट दिसतो, स्वस्थ बसलं तरी ओठ सहज मिटत नाहीत. कधी जबडा ठीक असतो, पण समोरचे दात हाडासकट जास्त खाली उतरलेले असतात.

पुष्कळदा यातली दोन कारणं एकत्र असतात. तिथेच खरी गोची होते.

उपाय कोणते?

सूज असेल तर दात साफ करून घेणं आणि नीट ब्रश करणं, एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. दात खाली उतरलेले असतील तर ब्रेसेस आणि हाडात बसवलेले छोटे मिनी-स्क्रू वापरून ते वर ढकलतात. त्याला महिनोन् महिने लागतात.

ओठ जास्त उचलला जात असेल तर दोन वाटा आहेत. पहिली बोटॉक्सची. ओठ उचलणाऱ्या स्नायूंत अगदी थोड्या प्रमाणात इंजेक्शन देऊन त्यांना सुस्त करतात. गमी स्माइलवरच्या या वापराचा प्राथमिक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. परिणाम काही दिवसांत दिसतो आणि साधारण तीन ते सहा महिन्यांत ओसरतो. मग पुन्हा इंजेक्शन, पुन्हा खर्च. प्रमाण चुकलं तर तेवढे महिने हसू वाकडं! दुसरी वाट शस्त्रक्रियेची. ओठाच्या आतल्या बाजूची त्वचेची पट्टी काढून ओठ थोडा खाली शिवतात, म्हणजे तो फार वर जाऊ शकत नाही. १९७३ मध्ये अर्जेंटिनातल्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. काहींमध्ये काळानुसार हिरडी पुन्हा दिसू लागते.

जबड्याचाच दोष मोठा असेल तर 'ले फोर्ट वन' नावाचं ऑपरेशन. पूर्ण भूल देऊन वरचा जबडा आडवा कापायचा, हाडाची पट्टी काढून टाकायची, जबडा वर सरकवून प्लेट आणि स्क्रूने बसवायचा. फॅब्रिकेशन शॉप आठवलं ना? वाढ पूर्ण झाल्यावरच हे करतात, आणि बहुतेकदा आधी व नंतर ब्रेसेस असतात.

आता पहिलं कारण, म्हणजे झाकलेला दात. इथे जास्तीची हिरडी कापून दात उघडा करतात, ब्लेडने किंवा लेझरने. जाहिरातीतला 'अर्धा तास' तो हाच. याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं.

तीन मिलिमीटरचा हिशेब

हिरडी दाताला नुसती टेकलेली नसते. हाडाच्या कडेवर ती दाताला चिकटलेली असते. १९६१ मध्ये अमेरिकन संशोधकांनी या चिकटलेल्या भागाची उंची मोजली, ती सरासरी २.०४ मिलिमीटर आली. त्यावर खिशासारखी छोटी खाच असते. सगळं मिळून हाडाच्या कडेपासून हिरडीच्या कडेपर्यंत सुमारे ३ मिलिमीटर जागा शरीराला लागतेच. हा निसर्गाचा क्लिअरन्स समजा. तो मोडून हिरडी कापली तर दोनपैकी एक होतं. हिरडी काही महिन्यांत परत वाढून होती तिथे येते, किंवा तिथे कायमची लालसर सूज राहते. म्हणून ज्यांचं हाडच दाताच्या इनॅमलच्या कडेजवळ असतं, त्यांच्यात हिरडीबरोबर हाडही थोडं घासून खाली-वर करावं लागतं. लेझर कितीही महाग असलं तरी हा हिशेब चुकत नाही.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. दाताची लांबी आधीच बरोबर असेल आणि दोष ओठाचा असेल, तर कापून काढलेल्या हिरडीखालून दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल नसतं. थंड चहासुद्धा झिणझिण्या आणतो, आणि गेलेली हिरडी सहजासहजी परत मिळत नाही.

माझंच उदाहरण देतो. एका क्लिनिकमध्ये पाच मिनिटांत 'लेझरने करून टाकू' असं सांगितलं गेलं. मोजमाप काहीच नाही. पुढे एका डेंटल कॉलेजच्या ओपीडीत गेलो. तिथे विल्यम्स प्रोब नावाच्या बारीक सळईने (आपल्या डेप्थ गेजचा धाकटा भाऊच! फक्त ४ आणि ६ च्या खुणा मुद्दाम गाळलेल्या, वाचायला सोपं जावं म्हणून) प्रत्येक दात मोजला. समोरचे दात साडेदहा मिलिमीटर, म्हणजे अगदी नॉर्मल. ओठ मात्र हसताना १० मिलिमीटर वर जातो. हिरडी कापली असती तर फक्त मुळं उघडी पडली असती. बोटॉक्सचा पर्याय सांगितला गेला, पण दर सहा महिन्यांनी सुई टोचून घेण्याची हौस मला नाही. मी काहीही न करण्याचं ठरवलं. 'काही न करणं' हाही एक पर्यायच आहे, हे तिथल्या मॅडमनीच सांगितलं.

कुठे जायचं, काय विचारायचं?

आपल्या पट्ट्यातल्या मुलांना लांब जायची गरज नाही. पिंपरीत संत तुकाराम नगरला डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. संत तुकाराम नगर मेट्रो स्टेशन जवळच आहे, चाकणकडच्यांनी भोसरीमार्गे यावं. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं आणि कॅम्पात रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. डेंटल कॉलेजात हिरड्यांचा, ब्रेसेसचा आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचा असे तिन्ही विभाग एका छताखाली असतात, त्यामुळे तिघांचं मत मिळतं. खर्च खासगी क्लिनिकपेक्षा साधारणपणे कमी, वेळ मात्र जास्त. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका!

कुठेही गेलात तरी हे चार प्रश्न विचारा. माझ्या बाबतीत कारण कोणतं? दाताची लांबी आणि ओठाची हालचाल मोजली का? हाडाची कड कुठे आहे ते एक्स-रेवर किंवा भूल देऊन प्रोबने पाहिलं का? हा परिणाम किती टिकेल? उत्तरं आकड्यांत मिळाली तर पुढे जा. तंबाखू, मिश्री, सिगारेट चालू असेल तर तेही खरं सांगा, कारण त्याने जखम भरायला वेळ लागतो.

आणि थोडा धीर धरायची तयारी असेल तर निसर्गही मदत करतो. वय वाढतं तसा वरचा ओठ खाली उतरतो आणि वरचे दात कमी दिसू लागतात. १९७८ च्या एका अभ्यासात हे मोजून दाखवलं आहे. स्टाफरूममधल्या मंडळींनी जुने फोटो काढून बघायला हरकत नाही!

ज्यांच्या हिरड्या दिसत नाहीत, त्यांच्यासाठीही एक उपाय आहे, आणि त्याला खर्च नाही. रूममेटला पाडलेलं नाव आजपासून बंद करा.